दातांच्या डॉक्टरआधी : डहाणू-तलासरीतील दातदुखीचा मागोवा

१९८९ चा पावसाळा सरत आला होता. तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी तेव्हा शिकवत होते. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा हापशीच्या शेवाळलेल्या ओट्यावरून घसरला आणि तोंडावर पडला. मी धावत गेले तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि वरचा पुढचा एक दात मुळासकट निघून चिखलात पडला होता. मी त्याच्या तोंडात हळदीची चिमूट दाबली. दात उचलला, हापशीच्या धारेखाली खसाखसा घासून स्वच्छ केला, पदराने कोरडा पुसला, वहीच्या कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. आपण मोठ्या प्रसंगावधानाने वागलो, असेच मला त्या क्षणी वाटले होते.

डहाणू रोडला पोहोचेपर्यंत दुपार उलटून गेली. त्या दिवशी दातांचे डॉक्टर भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी मुलाचे तोंड पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘दात आणलाय का?’’ मी अभिमानाने पुडी उघडली. त्यांनी दात हातात घेतला, मुळावरून बोट फिरवले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘बाई, हा तिथल्या तिथे जागेवर बसवला असता, नाहीतर नुसता दुधात टाकून लगेच आणला असता, तर वाचण्याची आशा होती. घासला नसता तर आणखी बरे झाले असते. आता हा मेलेला दात आहे.’’

शाळेत दूध होते. मुलांच्या चहासाठी रोज येत असे. अपघात झाला तेव्हा ते चुलीवर तापत होते आणि बाजूला थोडे न तापवलेलेही होते.

त्या मुलाच्या आजीने मला बोल लावला नाही. तिने एवढेच विचारले, ‘‘बाई, दात कोठे टाकला?’’ तिच्या लेखी पडलेला दात घराच्या कौलांवर किंवा उंदराच्या बिळात जायला हवा होता. माझ्या लेखी तो कागदात जायला हवा होता. आम्ही दोघीही चुकलो होतो. पण तिच्या चुकीला निदान परंपरा होती, मी डी.एड. झालेली होते. पुढची दोन वर्षे तो मुलगा हसताना तोंडावर हात धरायचा. निवृत्तीनंतर या विषयाच्या मागे मी लागले त्याचे मूळ त्या हातात आहे. दातांचा डॉक्टर हाताशी नव्हता तेव्हा या मुलखातली माणसे दातदुखीचे, सुजेचे, रक्ताचे, पडलेल्या दाताचे काय करीत? त्यांतले काय बरोबर होते, काय घातक होते, आणि त्यातले किती आपण सुशिक्षित माणसांनी तसेच पुढे चालवले?

तीन लाखांमागे एक

डहाणू हे काही आडरान नव्हे. बी.बी.सी.आय. रेल्वेची सुरत-मुंबई वाट १८६० च्या दशकातच इथून गेली. किनाऱ्याला डहाणू, बोर्डी, घोलवड ही बंदरांची आणि बागायतीची गावे. पारशी-इराणी बागाईतदारांच्या चिकूच्या वाड्या. पण रेल्वेपासून पूर्वेला पाच-सात मैल गेले की मुलूख बदलतो. डोंगर, भाताची खाचरे, ताडाची झाडे आणि विखुरलेले वारली, कोकणा, धोडिया, काथोडी पाडे. तलासरीचा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात या लोकांची शेती, देवदेवता, लग्ने यांचे वर्णन आहे. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेला के. जे. सावे यांचा वारलींवरचा ग्रंथ त्याहून कितीतरी तपशिलाचा आहे.

१९४५ हे साल इथे ध्यानात ठेवावे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्याच्या पुढे होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. जेठ्या गांगड हे नाव आजही तिथे घेतले जाते. सावकाराच्या आणि जमीनदाराच्या वाडीवर फुकट राबण्याची सक्ती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर बांधले जाणारे लग्नगडी ही त्या काळाची स्थिती. दातदुखीच्या इतिहासात हे सांगण्याचे कारण साधे आहे. ज्याला आजारपणाची सुटी नाही त्याच्या दृष्टीने औषध म्हणजे उद्या सकाळी कामावर उभे राहता येईल एवढी वेदना कमी करणारी वस्तू. दात बरा करणे हा वेगळा प्रश्न. तो त्याच्यापुढे कधी उभाच राहिला नाही.

आणि उभा राहिला असता तरी जाणार कुठे? भारतातले पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात १९२० मध्ये काढले. मुंबईत अशी महाविद्यालये १९३० च्या दशकात आली. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये आरोग्यव्यवस्थेचा जो अहवाल दिला, त्यात सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे १,००० दंतवैद्य असल्याची नोंद आहे, म्हणजे साधारण ३ लाख लोकांमागे १. तेही मुख्यतः मोठ्या शहरांत. १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा झाला तेव्हा नोंदवहीचे दोन भाग करावे लागले. ‘अ’ भागात पदवीधर, आणि ‘ब’ भागात पदवी नसलेले पण किमान पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे लोक. सरकारलाही हे मान्य करावे लागले, की देशाचे दात आजवर या दुसऱ्या भागातल्या माणसांनीच सांभाळले होते.

त्यांत अनेक प्रकार होते. गावचा न्हावी हजामतीबरोबर तुंबडी लावी आणि हलता दातही काढी. पाड्यापाड्यांवरून फिरणारे वैदू जडीबुटी विकत, तुंबड्या लावत, ‘दाताची कीड’ काढून देत. शहरांत चिनी दंतवैद्यांची दुकाने होती. चीनच्या हुपेइ प्रांतातून आलेल्या या कुटुंबांनी मुंबई-कलकत्त्यापासून लहान शहरांपर्यंत दात बसवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या केला आणि काचेच्या कपाटात कवळी मांडलेली त्यांची दुकाने माझ्या पिढीने पाहिली आहेत. डहाणूच्या पाड्यावरच्या माणसाला मात्र तेही दूर होते. त्याच्यासाठी पहिला दरवाजा भगताचा.

कीड आणि धूर

वारली भगत तांदळाचे दाणे पाहून दुखण्याचे कारण सांगतो. देव कोपला, कुणी करणी केली, पूर्वज रुसले यांपैकी काय ते दाणे सांगतात. पण दातदुखीपुरते म्हातारे लोक मला वेगळे सांगत. ‘दाताला कीड लागली’ हे निदान सगळ्यांना आधीच माहीत असे. त्यासाठी दाणे लागत नसत. ‘दात किडला’ हा शब्दप्रयोग आपणही रोज करतो आणि तो किती जुना आहे याचा विचार करत नाही. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांत ‘कृमिदंतक’ आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर दातातल्या किड्याला हाकलण्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. युरोपातही ही समजूत शतकानुशतके टिकली. १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला ‘मला दातात किडा कधी दिसला नाही’ अशा अर्थाचे मुद्दाम सांगावे लागले.

ही कीड काढण्याचा महाराष्ट्रातला ठरलेला उपाय म्हणजे भुईरिंगणीच्या बियांची धुरी. तापलेल्या लोखंडावर किंवा निखाऱ्यावर बिया टाकायच्या, वर तेलाचा थेंब, त्यावर नळी किंवा उलटे भांडे, आणि तो धूर दुखऱ्या दाताकडे घ्यायचा. तोंडाला लाळ सुटते. खाली पाण्याची वाटी ठेवलेली असते. काही वेळाने वाटीत पांढरे, वळलेले, बारीक ‘किडे’ दिसतात. माणूस ते डोळ्यांनी पाहतो. मग कोण शंका घेईल? गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्या विल्यम डायमॉक यांनीही या धुरीची दखल घेतली आहे, आणि आराम मिळतो तो लाळ सुटल्यामुळे, असा तर्क केला आहे.

मी स्वतः भुईरिंगणीची पिवळी फळे वाळवून हा प्रयोग घरी केला, फक्त धुराकडे तोंड न नेता. वाटीत ‘किडे’ तरीही आले. भिंगाखाली पाहिले तर ते बियांतले गर्भ होते. उष्णतेने टरफल फुटते आणि आतला वळलेला पांढरा अंकुर बाहेर उडतो. गंमत म्हणजे युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांवर चाले, आणि तिथल्या वैद्यांनीही शेवटी हेच शोधून काढले. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांना एकाच प्रकारच्या बीने एकाच प्रकारे फसवले.

या फसवणुकीत वैदू खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. त्यालाही ते किडेच दिसत होते. खरे कारण उमगायला १८९० साल उजाडावे लागले. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवले, की तोंडातले सूक्ष्मजंतू साखर-पिष्टापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते. म्हणजे किडा नाही, पण जिवंत काहीतरी आहे हे खरेच. लोकांची समजूत चुकीच्या आकाराच्या प्राण्यावर अडकली होती, एवढेच.

झाडपाल्याचा हिशेब

दुसरा दरवाजा रानाचा. या भागात दातासाठी जे वापरले जाते त्याचे मी माझ्यापुरते तीन भाग केले.

पहिला भाग गुणकारी गोष्टींचा. लवंग त्यात सगळ्यात वर. लवंगेच्या तेलातले युजेनॉल नस बधिर करते. झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप करून दंतवैद्य आजही तात्पुरती पोकळी भरतात. दवाखान्यातला तो विशिष्ट वास लवंगेचा असतो. अक्कलकाऱ्याची फुले चावली की जीभ मुंग्या येऊन बधिर होते. तोही खरा गुण आहे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कडुलिंबाची, करंजाची काडी, पिवळ्या कोरांटीचा पाला, हे सगळे याच भागात. यांनी दात बरा होत नाही, पण रात्र निभावते. लवंगेचे तेलही कापसाला एक थेंब एवढेच. ते हिरडीवर ओतले तर हिरडी पोळते.

दुसरा भाग निरुपयोगी पण निरुपद्रवी गोष्टींचा. त्यांची यादी देत नाही, कारण त्या प्रत्येक घराच्या वेगळ्या आहेत.

तिसरा भाग घातक गोष्टींचा, आणि दुर्दैवाने तातडीच्या वेळी हात आधी तिकडे जातो. रुईचा चीक, मोगली एरंडाचा चीक, बिब्ब्याचे तेल. ही तीनही माणसाची कातडी जाळतात. किडलेल्या दाताच्या भोकात चीक सोडला की एक जबरदस्त कळ येते आणि नंतर दुखणे थांबते, कारण आतली नस मेलेली असते. सोबत हिरडी आणि गालाचे आतले अस्तरही जळते. मोहाच्या दारूची चूळ दुखरी बाजू तात्पुरती सुन्न करते. पण ती चूळ बहुधा गिळली जाते. तंबाखू आणि मिशरीची गोष्ट सगळ्यांत वाईट. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड महाराष्ट्रभर बायका दाताला लावतात. बहुतेकींनी सुरुवात दात दुखतो म्हणून केलेली असते. दात पुढे कधीतरी पडून जातो आणि तंबाखू मात्र जन्मभर राहते.

या तिसऱ्या भागात आपलीही एक भर आहे. ॲस्पिरिनची गोळी गिळण्याऐवजी दुखऱ्या दाताशेजारी दाबून ठेवणारी माणसे मी शिक्षकांच्या खोलीत पाहिली आहेत. ती गोळी आम्ल आहे. हिरडीवर पांढरा, सोललेला डाग पडतो. रुईच्या चिकाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

वरचा दात आणि डोळा

‘‘वरचा दात काढला की डोळा जातो.’’ हे वाक्य मी तलासरीत ऐकले, पुण्यात ऐकले, माझ्या स्वतःच्या आईकडून ऐकले. वरच्या किडलेल्या दाताने वर्षानुवर्षे कुढणारी माणसे मी याच एका वाक्यामुळे पाहिली. ही निव्वळ अडाणी समजूत असे मी मानत होते. मग सुश्रुतसंहितेतला मुखरोगांचा अध्याय वाचताना थबकले. सुश्रुत सांगतो, की किडलेला दात हलत असेल तर उपटावा आणि ती जागा डागावी. पण वरचा दात हलत असला तरी वैद्याने काढू नये. रक्त अतोनात जाते, माणूस काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते.

म्हणजे माझ्या आईचे वाक्य निदान दीड-दोन हजार वर्षांचे होते. ते ग्रंथातून लोकांत उतरले की लोकांतून ग्रंथात गेले, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही. पण ते निराधार अनुभवातून आले नसावे, असे मला वाटते. वरच्या सुळ्याच्या आणि दाढांच्या मुळाशी पू झाला, तर सूज डोळ्याखाली चढते, डोळा मिटतो. क्वचित संसर्ग आणखी मागे मेंदूजवळच्या शिरेपर्यंत जातो. प्रतिजैविके नव्हती त्या काळी असा माणूस वाचणे कठीण. दात बहुधा सूज टोकाला गेल्यावर, बधिर न करता, न धुतलेल्या पकडीने ओढला जाई. पुढे जे होई त्याचा दोष दात काढण्याला मिळे. खरा दोष उशिराचा आणि घाणीचा होता. आज निर्जंतुक हत्याराने, बधिर करून काढलेला वरचा दात डोळ्याला काहीही करत नाही. उलट न काढलेला, पू झालेला दात करू शकतो. नियम जुना होता, कारण बरोबर होते, निष्कर्ष मात्र काळाबरोबर उलटा झाला.

बधिर करणे ही गोष्टही आपण फार सहज धरतो. नायट्रस ऑक्साइडचा प्रयोग १८४४ मध्ये होरेस वेल्सने केला, ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ मध्ये विल्यम मॉर्टनने. दोघेही दंतवैद्य होते. साऱ्या शस्त्रक्रियेला वेदनेतून सोडवले ते दातांच्या डॉक्टरांनी. हिरडीत टोचायचे नोव्होकेन १९०५ मध्ये आले, आज वापरतात ते लिग्नोकेन १९४० च्या दशकात. त्याआधीच्या प्रत्येक माणसाने, मग तो राजा असो की लग्नगडी, दात जागेपणी उपटून घेतला.

शेक

दातदुखीने माणूस मरतो, हे शहरातल्या वाचकाला अतिशयोक्त वाटेल. डहाणूच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावर एका आजोबांनी मला आपल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. खालची दाढ दुखत होती. गाल सुजला. घरच्यांनी गरम विटेचा शेक दिला. सूज जबड्याखाली उतरली, मग गळ्याला आली. जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, तोंडातून लाळ गळू लागली. भगताने दाणे पाहिले. तिसऱ्या रात्री भाऊ गुदमरून गेला. ‘‘दाताने कोण मरतो?’’ आजोबा म्हणाले, ‘‘आम्ही करणीच समजलो.’’

या दुखण्याचे वर्णन विल्हेल्म फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. खालच्या दाढेच्या मुळाशी झालेला पू जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत पसरतो आणि श्वासाची वाट दाबतो. इथे शेकाचा प्रश्न येतो. गरम शेकाने तात्पुरते बरे वाटते, पण पू शेकाच्या दिशेने, बाहेर कातडीकडे ओढला जातो. या मुलखातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या जबड्याच्या कडेला आत ओढलेला एक खळगा दिसतो. ते फुटलेल्या दाताच्या नाडीचे व्रण आहेत. ज्यांचा पू बाहेर फुटला ते वाचले, म्हणून शेकाची कीर्ती टिकली. ज्यांचा आत उतरला ते आपला अनुभव सांगायला मागे राहिले नाहीत.

म्हणून हे स्पष्ट लिहिते. गाल सुजला असेल तर बाहेरून गार पाण्याची पट्टी, आतून कोमट मिठाच्या गुळण्या. गरम शेक नाही, डाग तर मुळीच नाही. ताप, तोंड उघडता न येणे, गिळता न येणे, जबड्याखाली घट्ट सूज, डोळा मिटणे किंवा श्वासाला त्रास, यांतले एक जरी दिसले तरी ती दातदुखी राहिलेली नाही. तेव्हा दातांच्या डॉक्टरची वाट पाहू नये. जवळच्या मोठ्या रुग्णालयात, रात्र असली तरी त्याच रात्री न्यावे.

रक्ताचेही असेच. दात पडला वा काढला की लोक पुन्हा पुन्हा चूळ भरतात, थुंकतात, राख, तंबाखू, हळद भरतात. मीही हळद भरली होती. चूळ भरल्याने बसू पाहणारी गुठळी निघून जाते. स्वच्छ कापडाची घडी त्या जागी ठेवून वीस मिनिटे, न उघडता, घट्ट चावून धरणे एवढे पुरते. राखेमातीतून धनुर्वाताचे जंतू आत जातात हा वेगळा धोका. त्या रोगाच्या पहिल्या लक्षणाला आपल्या भाषेने ‘दातखीळ’ म्हटले, यावरून तो किती परिचयाचा होता ते कळते.

पडलेला दात

आता माझ्या चुकीकडे येते. पडलेला दात पुन्हा बसवता येतो, हे ज्ञान नवे नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस अंदलुसियात अल-झहरावी या शल्यवैद्याने हलणारे दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधण्याची रीत लिहून ठेवली आणि निखळलेला दात परत बसवण्याचाही उल्लेख केला. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्र्वाझ पारेनेही असे दात बसवले. पण काही दात का जगतात आणि काही का मरतात, हे कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. त्या कामाचा मोठा भाग डेन्मार्क-स्वीडनमधल्या संशोधकांनी केला. दाताच्या मुळावर एक पातळ, जिवंत आवरण असते. त्याच्या पेशी दाताला हाडाशी जोडतात. कोरड्या हवेत त्या अर्ध्या-एक तासात मरतात. साध्या पाण्यात फुगून फुटतात. दुधात मात्र काही तास तग धरतात, कारण दुधातले क्षारांचे प्रमाण शरीरातल्या द्रवाशी जुळते. भारतातल्या संशोधकांनी शहाळ्याच्या पाण्यावरही असे प्रयोग केले आहेत. दुधाची जागा मात्र अजून कायम आहे.

म्हणजे मी केलेली प्रत्येक गोष्ट नेमकी उलटी होती. घासून धुतला तेव्हा आवरण खरवडले. पदराने पुसला, कागदात कोरडा ठेवला आणि चोवीस तास गेले.

करायचे ते एवढेच होते. दात मुळाला हात न लावता वरच्या, दिसणाऱ्या भागाने धरायचा. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडवायचा, घासायचा नाही. मूल शुद्धीवर असेल तर दात त्याच जागेत अलगद बसवून, वर रुमालाची घडी ठेवून चावायला सांगायचे. ते जमत नसेल तर न तापवलेल्या किंवा तापवून गार केलेल्या दुधाच्या वाटीत ठेवून निघायचे. तासाभरात पोहोचलो तर उत्तम, उशीर झाला तरी दुधातलाच दात न्यायचा. हे सगळे पक्क्या दाताचे. दुधाचा दात परत बसवायचा नसतो. त्याने खाली उगवणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. तिथे आजीचेच बरोबर. तो दात कौलांवर टाकावा.

या मुलखात दात पडण्याचे प्रसंग कमी नाहीत. ताडीसाठी ताडावर चढणारे लोक पडतात. तलासरी-चारोटीवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग रोज कुणाला तरी पाडतो. शाळेच्या ओट्यांवर शेवाळ धरतेच.

दूध आणि भिंत

गेल्या काही वर्षांत अंतरे कमी झाली. १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी १०८ ची रुग्णवाहिका राज्यात सुरू झाली आणि त्याच सुमारास केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही. डहाणू, तलासरी, कासा इथे दातांचे डॉक्टर आता भेटतात. सीमेवरचे लोक उंबरगाव-वापीलाही जातात. पण पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंतचा पावसाळ्यातला तास अजून तोच आहे, आणि पडलेल्या दाताचे भवितव्य त्याच तासात ठरते. तो तास डॉक्टरच्या हातात नसतो. तो मास्तरांच्या, आशाताईंच्या, आजीच्या हातात असतो.

हे शिकवता येते, याचा पुरावा इथेच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, त्यात मुलांची स्वच्छता ही अभ्यासाचाच भाग होती. शाळा मुलांच्या अंगणात नेली तर अंगणातल्या सवयी बदलतात, हे त्यांनी दाखवून दिले. अंगणवाडी हा शब्दच तिथून देशभर गेला. ज्या मुलखाने तो शब्द दिला त्याला दुधाच्या वाटीची गोष्ट जड जाऊ नये.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या शाळेत गेले. हापशी गेली होती, नळ आले होते, ओटा मात्र तोच. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर, जिथे दुधाचे पातेले असते तिथे, चार ओळी रंगवून घेतल्या. पक्का दात पडला तर मुळाला हात लावू नका. घासू नका. जागेवर बसवा, नाहीतर दुधात ठेवा. लगेच निघा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्या ओळी मोठ्याने वाचल्या आणि विचारले, ‘‘दूध नसेल त्या दिवशी?’’

प्रश्न खरा होता. काही दिवस दूध येत नाही. मग आम्ही दोघींनी मिळून खाली पाचवी ओळ लिहून घेतली : दूध नसेल तर मुलाने मोठे आणि शुद्धीवर असल्यास दात स्वतःच्याच गालात, जिभेजवळ धरून यावे, गिळू नये, लहान असल्यास वाटीत त्याचीच थुंकी घेऊन त्यात ठेवावा. मावशींनी तोंड वाकडे केले, हसल्या, आणि म्हणाल्या, ‘‘हे माझ्या ध्यानात राहील.’’